ताप १०४, मग पांढऱ्या पेशी नॉर्मल कशा?

पोळा होऊन गेला की सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून तापाचे पेशंट वाढायला लागतात. कापूस कमरेला आलेला असतो, नाल्यांत आणि बंधाऱ्यांत पाणी थांबलेलं असतं, आणि संध्याकाळी ओट्यावर बसावं तर डास बसू देत नाहीत. मग कुणाला तरी हुडहुडी भरते. अंगावर दोन गोधड्या घेऊनही माणूस ‘थंडी वाजी ऱ्हायनी’ म्हणत कुडकुडत पडतो. दुसऱ्या दिवशी घरचे रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन लॅबच्या खिडकीशी येतात, आणि त्यांच्यातला एखादा शिकलेला पोरगा हमखास विचारतो : “भाऊ, मलेरिया निघाला, ताप १०४ आहे, मग पांढऱ्या पेशी नॉर्मल कशा? त्याच तर रोगाशी लढतात ना? वाढायला नको होत्या का?”

मी लॅबमध्ये काम करतो. प्रश्न अगदी बरोबर आहे, पण खिडकीतून रिपोर्ट देता देता सांगण्याइतकं त्याचं उत्तर छोटं नाही. म्हणून इथे सावकाश लिहितो.

मोठ्या माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. न्यूमोनिया झाला, गळू पिकलं, तर हा आकडा १५-२० हजारांवर जातो. कारण जिवाणू दिसले की हाडांतल्या मज्जेतून न्यूट्रोफिल जातीच्या पेशी मोठ्या संख्येने रक्तात उतरतात. हिवतापात, म्हणजे मलेरियात, सहसा तसं होत नाही. पांढऱ्या पेशी नॉर्मल राहतात, कधी थोड्या कमीच होतात. उतरतात त्या प्लेटलेट, आणि ताप लांबला की हिमोग्लोबिन. उलट हिवतापाच्या पेशंटमध्ये पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या दिसल्या, तर डॉक्टर सावध होतात. आजार गंभीर वळणावर असू शकतो, किंवा सोबत जिवाणूंचा दुसरा काही संसर्ग झालेला असू शकतो.

आता मुद्दा असा, की आम्ही रक्त घेतो ते हाताच्या शिरेतून. तिथे वाहत असलेल्या पेशी तेवढ्या मोजल्या जातात. हिवतापात पुष्कळ पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून थांबलेल्या असतात, आणि बऱ्याच प्लीहेत गेलेल्या असतात. म्हणजे खरं काम जिथे चाललेलं असतं, तिथे आमची सुई पोचतच नाही.

स्लाइडवर काय दिसतं

गावातल्या आशाताई, म्हणजे आरोग्य कार्यकर्त्या, बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचे दोन नमुने घेतात. एक पातळ पसरलेला, एक जाड. जाड थेंबात गंमत असते. रंग देताना त्यातल्या लाल पेशी पाण्याने फुटून विरघळून जातात. लाल पेशींच्या पोटात लपलेले परजीवी आणि पांढऱ्या पेशींची केंद्रकं तेवढी मागे राहतात. सूक्ष्मदर्शकाच्या १०० च्या लेन्सखाली बघितलं, की फिकट पार्श्वभूमीवर जांभळे-निळे मोठे ठिपके दिसतात, त्या पांढऱ्या पेशी. आणि त्यांच्या आसपास अगदी बारीक, निळसर कडीला लाल टिंब लावल्यासारखे, ते हिवतापाचे परजीवी.

परजीवी किती आहेत हे मोजायलाही पांढऱ्या पेशीच कामी येतात. २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत किती परजीवी दिसले ते लिहायचं, आणि रक्तात पांढऱ्या पेशी ८,००० आहेत असं धरून ४० ने गुणायचं. २०० पेशींमागे २५ परजीवी दिसले, तर घन मिलिमीटरला १,००० झाले. ऐकायला किरकोळ वाटतं. पण अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, म्हणजे ५० लाख घन मिलिमीटर. हिशेब केला तर ५०० कोटी परजीवी! आणि तरीही दर पाच हजार लाल पेशींमागे एकच पेशी बाधित झालेली असते. एवढ्या लाल पेशींत तो एक शोधायचा, हे पांढऱ्या पेशींचं काम.

काही वेळा स्लाइडवर आणखी एक गोष्ट दिसते. पांढऱ्या पेशीच्या पोटात तपकिरी-काळे कण. परजीवी लाल पेशीतलं हिमोग्लोबिन खातो, आणि त्यातला लोहयुक्त भाग त्याला विषारी असतो, म्हणून त्याचे स्फटिक करून ठेवतो. या स्फटिकांना हिमोझोइन म्हणतात. लाल पेशी फुटली की हा कचरा रक्तात येतो आणि न्यूट्रोफिल, मोनोसाइट तो गिळतात. फाल्सिपॅरम या हिवतापाच्या जास्त घातक प्रकाराच्या पेशंटमध्ये पाच टक्क्यांहून जास्त न्यूट्रोफिलांत असे कण दिसले, तर ते वाईट लक्षण समजतात. वाहत्या रक्तात परजीवी थोडे दिसत असले, तरी आत कुठेतरी पुष्कळ फुटले आहेत, असा त्याचा अर्थ. मला विचाराल, तर एकूण पांढऱ्या पेशींच्या आकड्यापेक्षा हे कण जास्त बोलतात. पण छापील सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या रिपोर्टात, त्यांना रकाना नसतो.

डास चावल्यापासून

अॅनाफिलिसची मादी चावते, तेव्हा लाळेसोबत परजीवीची पहिली पिल्लं कातडीत सोडते. ती फार नसतात, दहा-वीस ते शंभर. तिथून ती रक्तात शिरतात आणि थोड्याच वेळात यकृतात पोचतात. यकृताच्या वाटेवर कुप्फर पेशी बसलेल्या असतात. या पांढऱ्या पेशींच्याच घराण्यातल्या, आणि रक्तातून येणारी घाण गिळणं हेच त्यांचं काम. हिवतापाचा परजीवी मात्र त्यांच्याच अंगातून आरपार जाऊन यकृताच्या पेशीत घुसतो. गिळला न जाता.

यकृतात तो आठवडाभर गुपचूप वाढतो. ताप नाही, अंगदुखी नाही. एकाचे हजारो होतात. मग यकृताची पेशी फुटते, आणि ते सगळे लाल पेशींवर तुटून पडतात. बाहेर मोकळं राहण्याचा त्यांचा वेळ एखाद-दोन मिनिटांचा. त्यानंतर पुन्हा लाल पेशीच्या आत.

इथे खरी मेख आहे. जळगाव-धुळ्याकडे कापूस विकलेल्या माणसाला हे लगेच कळेल. बाजारात गाडी लागली, की व्यापारी गाडीत हात घालून मूठभर कापूस उपसतो, धागा ओढून बघतो, ओल बघतो, आणि त्यावरून अख्ख्या गाडीचा भाव ठरवतो. शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी असाच नमुना बाहेर दाखवत असतात. आपल्या आत जी प्रथिनं तयार होतात, त्यांचे तुकडे एचएलए नावाच्या रेणूंवर ठेवून त्या पेशीच्या पृष्ठभागावर मांडतात. टी पेशी, म्हणजे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची एक जात, फिरत फिरत हे नमुने तपासतात. नमुन्यात परकं काही आढळलं, तर ती पेशी जागेवर मारतात. यकृताची पेशी असा नमुना मांडते, त्यामुळे तिथे टी पेशींना संधी असते. पूर्ण वाढलेल्या लाल पेशीला केंद्रक नसतं, नवी प्रथिनं ती बनवत नाही, आणि एचएलएचा नमुनाही दाखवत नाही. ताडपत्री गच्च आवळलेली गाडी म्हणा. मारेकरी टी पेशी तिच्या शेजारून निघून जाते, आत परजीवी वाढतोय याचा तिला पत्ता नसतो.

विषाणू बहुतेक अशा पेशींत शिरतात ज्या नमुना दाखवतात, त्यामुळे तिथे टी पेशींची चालते. हिवतापाच्या परजीवीने मुक्कामाला निवडलेली जागाच अशी, की शरीराचं हे सगळ्यात धारदार हत्यार बोथट पडतं. त्याला थोडा अपवाद आहे. व्हायवॅक्स हा प्रकार कोवळ्या, नुकत्या मज्जेतून बाहेर पडलेल्या लाल पेशींत घुसतो. त्यांच्यात एचएलए थोडंफार शिल्लक असतं. टी पेशी अशा बाधित पेशी ओळखून मारू शकतात, हे २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवलं. त्याआधी पुस्तकांत ‘लाल पेशीच्या बाबतीत मारेकरी टी पेशी निरुपयोगी’ असं सरसकट लिहिलेलं असायचं.

मग लढतं कोण?

मुख्य काम प्लीहेत होतं. डाव्या बरगड्यांखालचा हा अवयव. जुने डॉक्टर हिवतापाच्या पेशंटचं पोट दाबून आधी तीच वाढली आहे का ते बघत. प्लीहेतून जाताना लाल पेशींना स्वतःच्या व्यासापेक्षा कितीतरी अरुंद फटींतून अंग चोरून निघावं लागतं. निरोगी लाल पेशी लवचीक असते, ती निघून जाते. परजीवी पोटात असलेली पेशी ताठर होते, अडकते. अडकली की तिथे बसलेल्या मॅक्रोफेज पेशी तिला गिळतात. मॅक्रोफेज म्हणजे रक्तातल्या मोनोसाइटच अवयवात जाऊन मोठ्या झालेल्या, असं ढोबळमानाने समजायला हरकत नाही.

फाल्सिपॅरमने यावर तोड काढली आहे. तो लाल पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःचं एक चिकट प्रथिन उगवतो. त्यामुळे बाधित पेशी मेंदू, मूत्रपिंड, आतडी इथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसते आणि प्लीहेच्या वाटेला जातच नाही. मेंदूचा हिवताप होतो तो यातूनच. व्हायवॅक्सची तऱ्हा निराळी. इंडोनेशियातल्या पापुआ भागात प्लीहा काढावी लागलेल्या लोकांच्या तपासणीत २०२१ मध्ये असं आढळलं, की ज्यांना कसलाही त्रास नव्हता अशांच्या प्लीहेतही व्हायवॅक्स भरपूर होता, रक्तात होता त्याच्या कितीतरी पट जास्त. पकडायची जागा तीच त्याची राहायची जागाही. निसर्गात असले प्रकार बघून डोकं चक्रावतं.

ताप कुठून येतो, तेही पांढऱ्या पेशींच्याच खात्यात जातं. दर ४८ तासांनी लाल पेशी एकदम फुटतात आणि नवे परजीवी बाहेर पडतात. त्यांच्यासोबत बाहेर आलेला माल मोनोसाइट आणि मॅक्रोफेज ओळखतात, आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं सोडतात. ती मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागाला सांगतात, की अंग तापव. म्हणून आधी हुडहुडी, मग भट्टीसारखा ताप, मग घाम फुटून उतार, आणि दिवसाआड पुन्हा तेच. प्रत्येकात इतकं वेळापत्रकाने होत नाही हेही खरं. पहिल्या काही दिवसांत ताप कसाही येतो, आणि फाल्सिपॅरममध्ये तर बऱ्याचदा उतरतच नाही. ‘दिवसाआड येत नाही म्हणजे मलेरिया नाही’ असं घरी बसून ठरवू नये.

हीच रसायनं, आणि नैसर्गिक मारक पेशी व इतर लिम्फोसाइट सोडतात ते इंटरफेरॉन-गॅमा, मॅक्रोफेजांना जास्त जोमाने गिळायला लावतात. पण ती प्रमाणाबाहेर गेली, तर शरीराचंच नुकसान होतं. त्यांना आवर घालायला इंटरल्यूकिन-१० सारखी रसायनंही पांढऱ्या पेशीच सोडतात. हा तोल महत्त्वाचा. म्हणून ‘इम्युनिटी वाढवा’ छाप पावडरी बघितल्या, की मला कीव येते. शहाद्याकडे पपईचे मळेच मळे आहेत, त्यामुळे आमच्याकडे ताप आला की पानांचा रस ठरलेला. प्लेटलेट वाढतात म्हणून देतात. हिवतापात प्लेटलेट उतरतात त्या परजीवीमुळे, आणि परजीवी गोळ्यांनी गेला की त्या आपोआप चढतात.

तोल बिघडतो तर मग पेशींना दाबूनच टाकावं, असंही करून झालंय. मेंदूच्या हिवतापात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन बघण्याची चाचणी थायलंडमध्ये झाली. १९८२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. स्टेरॉइड दिलेले रुग्ण जास्त वेळ बेशुद्ध राहिले, मृत्यू काही कमी झाले नाहीत. गावात सलाईनमध्ये ‘ताप उतरायचं’ म्हणून काय काय सोडतात, ते विचारून घ्यावं, एवढंच म्हणतो.

एकदा झाला म्हणजे परत होत नाही?

गोवर एकदा झाला की जन्मात पुन्हा सहसा होत नाही. हिवताप दर पावसाळ्यात होऊ शकतो. असं का, ते बी पेशींकडे गेल्यावर कळतं. बी पेशी याही लिम्फोसाइटच. त्या प्रतिपिंडं बनवतात. प्रतिपिंड मोकळ्या परजीवीला चिकटलं, तर तो लाल पेशीत घुसू शकत नाही. बाधित लाल पेशीला चिकटलं, तर मॅक्रोफेजला ती गिळणं सोपं जातं. याचा भक्कम पुरावा १९६१ मध्ये गांबियातून आला. तिथल्या, आयुष्यभर हिवताप अंगावर काढलेल्या मोठ्या माणसांच्या रक्तातली प्रतिपिंडं वेगळी काढून आजारी लहान मुलांना दिली, आणि मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने कमी झाले. म्हणजे रोगप्रतिकारशक्ती येते. फक्त यायला वर्षं लागतात.

कारण ते चिकट प्रथिन. फाल्सिपॅरमकडे त्याची सुमारे ६० जनुकं असतात आणि एका वेळी तो बहुधा एकच वापरतो. शरीराने एका रूपाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करेपर्यंत काही परजीवी दुसरं रूप घेऊन बसलेले असतात. शिवाय दुसऱ्या गावच्या परजीवीचे ६० वेगळे. आफ्रिकेत पहिल्यांदा गरोदर राहिलेल्या बायकांना हिवताप जास्त बाधतो, तो याच कारणाने. गर्भाशयातल्या वारेला चिकटणारं रूप त्यांच्या शरीराने आधी कधी बघितलेलंच नसतं. पुढच्या बाळंतपणांत त्याची प्रतिपिंडं तयार असतात आणि त्रास कमी होतो.

अशी कमावलेली ताकद टिकते ती वरचेवर परजीवी अंगात येत राहिला तरच. आणि तीही परजीवीला पूर्ण संपवत नाही, ताप येऊ देत नाही एवढंच. धडगाव-अक्कलकुव्याकडची माणसं सांगतात, “आमच्या डोंगरात राहणाऱ्याला काही होत नाही.” त्यांच्याशी माझं पटत नाही. खानदेशात वर्षभर सतत, आफ्रिकेतल्या खेड्यांसारखा हिवताप नसतो. पावसाळ्यात येतो, जातो. एवढ्याने पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होत नाही, म्हणून इथे पोरंही आजारी पडतात आणि बापेही. आणि ज्याला ताप नाही पण रक्तात परजीवी आहे, असा माणूस ऊसतोडीला गुजरातेत गेला, की तिथले डास त्याच्याकडून परजीवी घेतात. त्याला स्वतःला कळतही नाही.

व्हायवॅक्सचं आणखी एक आहे. त्याची काही पिल्लं यकृतात झोपून राहतात, कधी काही आठवडे, कधी कित्येक महिने. झोपलेल्या परजीवीला पांढऱ्या पेशी जवळजवळ हातच लावत नाहीत. क्लोरोक्विनने रक्तातले मरतात, यकृतातले नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस. तिसऱ्या दिवशी ताप गेला की लोक उरलेल्या गोळ्या कोनाड्यात टाकतात, आणि होळीच्या सुमारास, आसपास डास फारसे नसताना, पुन्हा हुडहुडी भरते. प्रायमाक्विन मात्र मनाने घ्यायची गोळी नाही. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ती देत नाहीत, आणि जी-सिक्स-पीडी नावाचं विकर कमी असलेल्यांच्या लाल पेशी तिने फुटू शकतात. लघवी गडद, काळसर झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना.

लशीचं लोक विचारतात. आर-२१ नावाची लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. ती डासाने सोडलेल्या पहिल्या पिल्लांवरच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते, म्हणजे यकृताच्या अलीकडेच गाठायचं. आफ्रिकेतल्या मुलांना ती दिली जाते. फाल्सिपॅरमसाठी आहे, व्हायवॅक्सवर तिचा उपयोग नाही, आणि आपल्या नियमित लसीकरणात ती नाही.

सिकलसेलचं काय?

सिकलसेल म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा कुटुंबांत हा प्रश्न येतोच, आणि यायलाच हवा. हिवताप आणि आनुवंशिक रक्तदोष यांचा संबंध असावा, हा तर्क हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये मांडला होता. सिकलसेलबाबतचा पुरावा १९५४ मध्ये अॅलिसन या संशोधकाने आफ्रिकेतून दिला. ज्याला आईकडून किंवा बापाकडून एकच सिकल जनुक मिळालं आहे, तो वाहक. त्याला फाल्सिपॅरमचा गंभीर आजार होण्याची शक्यता खूपच कमी असते. यामागची कारणं एकाहून जास्त आहेत, पण एक थेट पांढऱ्या पेशींशी जोडलेलं आहे. वाहकाच्या लाल पेशीत परजीवी शिरला, की ती पेशी लवकर वाकडी आणि ताठर होते. प्लीहेतल्या मॅक्रोफेज तिला परजीवी पिकायच्या आधीच उचलतात. म्हणजे लाल पेशीतल्या दोषाने पांढऱ्या पेशीचं काम सोपं होतं.

दोन्ही बाजूंनी जनुक मिळालेल्याची गोष्ट अगदी उलट आहे, आणि घरोघरी इथेच गोंधळ होतो. सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा वारंवार रक्तपुरवठा तुटून लहानपणीच निकामी होत जाते. हिवतापात जिथे लढाई व्हायची, ती जागाच त्याच्याकडे उरत नाही. त्यात रक्त आधीच कमी. हिवतापाने ते आणखी उतरतं आणि पोर दोन दिवसांत हाताबाहेर जाऊ शकतं. ‘सिकलवाल्याला मलेरिया होत नाही’ हे वाक्य वाहकापुरतं, तेही अर्धंच खरं आहे.

१ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, तपासणी झालेल्यांना कार्ड मिळतं. ज्या मुलाच्या कार्डावर ‘रुग्ण’ लिहिलंय, त्याला ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. मलेरियाच्या झटपट तपासणीची किट निगेटिव्ह आली तरी स्लाइड मागा. आणि डॉक्टरांना सगळ्यात आधी ते कार्ड दाखवा, कारण अशा मुलाला हिवतापाशिवाय जिवाणूंच्या तापाचाही तितकाच धोका असतो, आणि त्याची औषधं वेगळी.